दर हजारीं एक

मुंबईंत परळला एक जुना, प्रशस्त वाडा आहे. एके काळीं मुंबईचे गव्हर्नर तेथें राहत असत. १८९९ सालीं तो वाल्डेमार हाफकिन यांच्या प्लेगच्या लसीसाठीं प्रयोगशाळा म्हणून देण्यांत आला. हाफकिन यांनीं ती लस प्रथम स्वतःच टोचून घेतली, ही हकीकत आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. ती पुन्हां सांगत बसत नाहीं. मला ज्यांच्याविषयीं बोलावयाचें आहे ते गृहस्थ त्याच वाड्यांत मागाहून आले, आणि त्यांचें नांव मात्र मुंबईकरांच्या तोंडींहि क्वचितच येतें. ते म्हणजे साहिबसिंग सोखे.

सोखे यांचा जन्म १८८७ सालीं अमृतसरला झाला. वैद्यकाचें शिक्षण एडिंबरोस घेऊन ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्यें शिरले, आणि लष्करी हुद्दा त्यांच्या नांवाला जन्मभर चिकटला. सुप्रसिद्ध कथक नर्तकी मेनका या त्यांच्या पत्नी. घरीं घुंगरांचा नाद आणि कामावर प्लेगचे जंतु, असा हा संसार! १९३२ सालीं ते हाफकिन संस्थेचे संचालक झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. १९४९ पर्यंत तें पद त्यांच्याकडे होतें.

प्रयोगशाळेंतील कामाविषयीं थोडक्यांत सांगतों. १८९८ ते १९४८ या पन्नास वर्षांत प्लेगानें या देशांतील सव्वा कोटि माणसें नेलीं. लस होती, पण ती कितपत गुणकारी आहे हें उंदरांवर काटेकोर प्रयोग करून मोजण्याच्या कामीं सोखे यांनीं बरींच वर्षें घालविलीं. शिवाय, एकदां गांठ आल्यावर डॉक्टरांच्या हातीं फारसें कांहीं उरत नसे. १९४० सालीं सोखे आणि त्यांचे सहकारी डॉ. दीक्षित यांनीं ‘लॅन्सेट’ या विख्यात पत्रांत लिहिलें कीं, सल्फाथायाझोल या नव्या औषधानें प्लेग झालेले उंदीर वांचूं शकतात. पुढें रोग्यांवरहि त्याचा गुण दिसला. (हेच दीक्षित नंतर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.)

एवढ्यावरच सोखे थांबते, तर एक नामांकित शास्त्रज्ञ म्हणून त्यांचा उल्लेख झाला असता आणि माझ्या भाषणाला कारण उरलें नसतें. परंतु १९३८ सालीं काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनीं राष्ट्रीय नियोजन समिति नेमली. पंडित नेहरू तिचे अध्यक्ष, प्राध्यापक के. टी. शहा चिटणीस. स्वराज्य अद्याप नऊ वर्षें दूर, आणि ही मंडळी स्वराज्यांतल्या कारखान्यांचे, शेतीचे, शाळांचे आराखडे करावयास बसली होती. आरोग्याच्या पोटसमितीचें अध्यक्षपद सोखे यांच्याकडे आलें. परकी सरकारच्या नोकरींतल्या अधिकाऱ्यानें तें पत्करलें, ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती.

या पोटसमितीच्या अहवालावरून १९४० सालीं जे ठराव झाले, त्यांत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. रोग बरा करणें आणि रोग होऊं न देणें हीं दोन्हीं कामें एकाच यंत्रणेकडे असावींत, ही पहिली. दुसरी अधिक धाडसाची. दर हजार वस्तीमागें एक आरोग्यसेवक असावा. त्याला नऊ महिन्यांचें शिक्षण द्यावें. स्वच्छता, प्रथमोपचार आणि साधे औषधोपचार एवढें त्यानें शिकावें.

नऊ महिने! वैद्यकीच्या धंद्यांतील प्रतिष्ठितांना हा आंकडा कसा वाटला असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं. शहरांतल्याला पदवीधर डॉक्टर आणि खेडुताला अर्धशिक्षित सेवक, हा न्याय कसला, असा आक्षेप घेतां येतो. आणि तो खोटा आहे असें मी म्हणणार नाहीं. नाशिकचे सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं १९४३ सालीं सरकारनें नेमलेल्या समितीचा ओढा याच बाजूस होता. १९४६ च्या आपल्या अहवालांत तिनें सांगितलें कीं, कमी शिक्षणाचे डॉक्टर बंद करून देशभर एकाच उच्च दर्जाचा पदवीधर डॉक्टर तयार करावा. अहवाल मोठा विद्वत्तापूर्ण आहे, आणि आपलीं प्राथमिक आरोग्य केंद्रें त्याच्याच पोटीं जन्मलीं. पण त्याच अहवालांत अशी नोंद आहे कीं, ६,३०० माणसांमागें डॉक्टर एक आणि ४३,००० माणसांमागें परिचारिका एक. त्यांतहि डॉक्टर बहुतेक शहरांत. ज्या खेड्यांत डॉक्टर पोंचावयाचाच नाहीं, तेथें उत्तम डॉक्टर आणि बेताचा सेवक यांची तुलना करून काय मिळणार? माझ्या मतें खरी निवड बेताचा सेवक आणि कोणीच नाहीं, यांमध्यें होती. सोखे यांना हें दिसलें, याचें मला नवल वाटत नाहीं. लस बाटलींत भरून झाली तरी ती टोचणारा हात खेड्यांत लागतो, हें लस करणाऱ्याइतकें दुसऱ्या कोणाला कळणार?

स्वराज्य आलें आणि मार्ग भोर समितीचा धरला गेला. सोखे १९५० सालीं जागतिक आरोग्य संघटनेंत साहाय्यक महासंचालक झाले. १९५२ सालीं राज्यसभेवर त्यांची नेमणूक झाली. औषधें देशांतच व सरकारी कारखान्यांत व्हावींत, या मताचा त्यांनीं पाठपुरावा केला. पिंपरीच्या कारखान्यांत १९५५ सालीं पेनिसिलीन तयार होऊं लागलें. १९५३ सालीं त्यांना रशियाचें स्तालिन शांतता पारितोषिक मिळालें. १९७१ सालीं ते वारले.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षीं जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं काम सुरू केलें होतें. त्यांनीं पुढें गांवच्या बायकांनाच, कित्येक तर निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केलें. १९७७ सालीं केंद्र सरकारनें सबंध देशासाठीं योजना काढली: दर हजार वस्तीमागें एक आरोग्यसेवक. शिक्षण तीन महिन्यांचें, मानधन महिना पन्नास रुपये. ती योजना कांहीं वर्षांतच थंडावली. २००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलें आणि त्याबरोबर ‘आशा’ सेविका आली. प्रमाण तेंच, हजारीं एक. तिच्यासाठीं आरंभीं ठरविलेलें शिक्षण २३ दिवसांचें होतें. पुढें त्यांत टप्प्याटप्प्यानें भर पडत गेली. पगार नाहीं, ज्या त्या कामाचा मोबदला. सोखे यांचा हजाराचा आंकडा साऱ्यांनीं उचलला. नऊ महिन्यांचा मात्र कोणीं उचलला नाहीं.