मोबाइल सेवेच्या गुणवत्तेचे पूर्वानुमान

एखाद्या ठिकाणी, एखाद्या वेळी कॉल लागेल का, मध्येच तुटेल का आणि नेटला वेग किती मिळेल, हे आधीच्या नोंदींवरून यंत्रशिक्षणाच्या (मशीन लर्निंग) साहाय्याने वर्तवण्याची पद्धती. रेंज हा यातला एक घटक. फोनवर सगळ्या दांड्या दिसत असूनही टॉवरवर गर्दी असली की नेट रखडते.

पूर्वी रेंजचे अंदाज सूत्रांनी काढत. ओकुमुरा यांनी टोकियो परिसरात केलेल्या मोजमापांवरून (१९६८) हाता यांनी १९८० मध्ये बसवलेली सूत्रे आजही वापरात आहेत. पण ती शहर, उपनगर, मोकळा प्रदेश अशा ढोबळ वर्गांवर चालतात. उदाहरणार्थ, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात कोपरगाव-राहात्याचा सपाट, कालव्याखालचा मुलूख आहे, तसाच अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचा कळसूबाईचा डोंगरही. याच तालुक्यात रतनवाडी किंवा साम्रदच्या बाजूला टॉवरचे अंतर कमी असून भागत नाही. मधला कातळाचा धस संदेश अडवतो. म्हणून संगणकाला संदेशाची तीव्रता, गोंगाटाशी तिचे प्रमाण, टॉवरचे अंतर, भूपृष्ठाची उंची, वेळ आणि टॉवरवरचा भार अशा नोंदी एकत्र देतात. त्यांवर निर्णयवृक्षांचे समूह किंवा कालक्रम शिकणारी चेताजाले (न्यूरल नेटवर्क) चालवतात.

ऋतूही मोजावा लागतो. उभ्या उसाचा पाला संदेश शोषतो, त्यामुळे तोडणीनंतरचे मोजमाप भर उसातल्या सेवेला जसेच्या तसे लागू पडत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहायला अकोले तालुक्यातल्या भंडारदऱ्याला लोटणारी गर्दी मोजक्या टॉवरांवर पडते. पावसाला मात्र उगाच दोष दिला जातो : फोन आणि टॉवर यांच्यातल्या नेहमीच्या लहरींवर त्याचा परिणाम नगण्य असतो, तो बाधतो टॉवरांना आपसांत जोडणाऱ्या उच्च वारंवारतेच्या दुव्यांना.

अचूकतेचे आकडे तपासून घ्यावेत. शंभरांत दोनच कॉल तुटत असतील, तर ‘एकही तुटणार नाही’ असे ठोकून देणारे प्रारूपही (मॉडेल) ९८ टक्के बरोबर ठरते आणि तरी निरुपयोगी असते. मोजमापाच्या गाड्या हमरस्त्याने फिरतात; त्याच रस्त्यावरच्या नोंदी शिकायला आणि परीक्षेला वापरल्या तर निकाल फुगतो. संगमनेर तालुक्यावर शिकलेले प्रारूप अकोल्यावर तपासणे, ही खरी कसोटी.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) २०२४ च्या विनियमांत कॉल तुटण्याची मर्यादा २ टक्के आहे आणि कंपन्यांना व्याप्तीचे नकाशे प्रसिद्ध करावे लागतात. जिल्हास्तरावर सेवा २४ तासांहून अधिक बंद राहिल्यास ग्राहकाला भरपाईची तरतूद आहे. डोंगरापलीकडच्या वाडीचा एकटा टॉवर बंद पडला, तर ही तरतूद लागू होत नाही. वीजपुरवठा आणि बॅटरीच्या नोंदींवरून असा टॉवर केव्हा बंद पडेल याचा अंदाज काढता येतो; तंत्राचा हा उपयोग वेगाच्या अंदाजापेक्षा साधा, पण अशा वाडीला जास्त कामाचा आहे.