नोंद कोणासाठी? खानदेशातील इस्पितळांची वही आणि यंत्र



कामगार संघटनेच्या माणसाने इस्पितळातील संगणकाविषयी काय बोलावे, अशी शंका कोणी काढील. पण कामगाराची निम्मी भांडणे नोंदीवरून होतात. हजेरीपटावर नाव नाही म्हणून पगार नाही, कागद नाही म्हणून भरपाई नाही. हे धडे आम्ही कारखान्याच्या दारात गिरवले आहेत.

मुंबई राज्याने १९४९ साली खाजगी शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा केला. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे वृद्धांचे वसतिगृह नव्हे. डॉक्टरांनी बहुधा राहत्या घराच्या तळमजल्यावर थाटलेले दहा-वीस खाटांचे इस्पितळ. तेथील केसपेपर गठ्ठे बांधून माळ्यावर जात. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनी डॉक्टरांवर बंधन घातले की, भरती झालेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षे जपावेत आणि त्याने मागितल्यास ७२ तासांत द्यावेत. नोंदी संगणकावर ठेवण्याचा प्रयत्न करावा, असेही त्यांत म्हटले आहे. नियम छापला गेला; माळा बहुतेक ठिकाणी तसाच राहिला.

मग यंत्र आले कशाने? माझ्या मते, पैशाच्या वाटेने. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला धुळे होता. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवर कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, ९७२ प्रकारचे. रुग्ण आला की आरोग्यमित्र त्याची शिधापत्रिका पाहून नाव संगणकावर चढवी. डॉक्टरांचे निदान, तपासण्यांचे अहवाल, छायाचित्रे विमा कंपनीकडे जात. तिकडून मंजुरी आली म्हणजे शस्त्रक्रिया. नंतर घरी सोडल्याचा कागद चढविल्यावर बिलाची मागणी. आयुष्यभर वहीवर काम केलेल्या कारकुनाला एका दिवसात संगणकासमोर बसावे लागले. जळगाव पहिल्या आठांत नव्हता. त्यामुळे पारोळ्याच्या माणसाची शिधापत्रिका शेजारच्या धुळ्यात चालेना. नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना राज्यभर झाली तेव्हा ही अडचण संपली. २०१७ साली तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले.

गरिबाची शस्त्रक्रिया झाली, हे मोठेच काम. त्याला मी उणे म्हणणार नाही. पण ही सारी नोंद बिल फेडणाऱ्यासाठी होती. पुढच्या वर्षी तोच रुग्ण दुसऱ्या गावच्या डॉक्टरसमोर बसला, की त्याच्या हाती पुन्हा पिशवीतली चुरगळलेली फाईल! आणि जो आरोग्यमित्र हे सारे टंकतो, त्यालाच फेब्रुवारी २०२५ मध्ये पगारवाढीसाठी संपावर जावे लागले. असो.

नोंद आणि माणूस यांची फारकत झाली की काय होते, हे जळगावने जून २०२० मध्ये पाहिले. करोनाची बाधा झालेली ८२ वर्षांची एक वृद्धा शासकीय रुग्णालयातून बेपत्ता ठरली; आठ दिवसांनी तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. यंत्र असते तर ती वाचली असती, असे मी म्हणत नाही. 'बेपत्ता' हा शब्द यंत्रातही तितक्याच सहज लिहिता येतो. खाटेपाशी जाऊन माणूस मोजायला माणूसच लागतो, आणि पुरेसे लागतात.

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू केले. चौदा अंकी आरोग्य क्रमांक, आणि रुग्णाच्या संमतीनेच एका इस्पितळाची नोंद दुसऱ्याने पाहावी, ही त्यातली कल्पना. नोंद रुग्णाची, हे येथे प्रथमच यंत्रात बसविले गेले. परंतु क्रमांक म्हणजे नोंद नव्हे. दहा खाटांच्या इस्पितळात रात्रपाळीची एकटी परिचारिका सलाईन बदलील, नातेवाइकांना उत्तरे देईल, की संगणकात ताप भरील? त्या कामाचे तास आणि मोबदला ठरविल्याशिवाय रकाने रिकामेच राहतील, नाहीतर सकाळी अंदाजाने भरले जातील. आणि तोवर, घरी निघताना ७२ तासांच्या नियमाचे नाव घेऊन आपले कागद मागून घ्या; माळ्यावर जाऊ देऊ नका.