तापास

तापास : स्पेनमधील मद्यगृहांत पेयाबरोबर दिले जाणारे अल्प प्रमाणातील खाद्यपदार्थ आणि ते मित्रमंडळींनी वाटून खाण्याची प्रथा. मूळ स्पॅनिश शब्द ‘तापा’ (अनेकवचन ‘तापास’) हा असून ‘झाकणे’ या अर्थाच्या ‘तापार’ या क्रियापदापासून तो बनला आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘झाकण’ असा होतो. तापा हे कोणत्याही विशिष्ट पदार्थाचे नाव नव्हे. खारवलेली ऑलिव्ह फळे, सुकवलेल्या डुकराच्या मांसाचे पातळ काप (हामोन), चीज, बटाटा व अंडी यांची जाड पोळी (तोर्तिया), लसणाच्या तेलातील कोळंबी, तळलेले माकूळ किंवा पालक घातलेले हरभरे यांपैकी काहीही तापा ठरू शकते. पदार्थाचे प्रमाण, तो खाण्याची वेळ आणि सोबतची मंडळी यांवरून तापा ओळखला जातो. मराठीतील ‘चखणा’ या शब्दाशी त्याचे काहीसे साम्य आहे. तथापि तापासमध्ये एका मद्यगृहातून दुसऱ्यात जाणे, उभ्याने गप्पा मारणे आणि एकाच ताटलीतून सर्वांनी खाणे या गोष्टींनाही तेवढेच महत्त्व असते. या रीतीला स्पॅनिशमध्ये ‘तापेओ’ असे म्हणतात.

उगम : तापाच्या उत्पत्तीविषयी अनेक आख्यायिका प्रचलित आहेत. एका आख्यायिकेनुसार कॅस्टीलचा राजा दहावा आल्फोन्सो (कार. १२५२–८४) आजारी असताना वैद्यांच्या सल्ल्यावरून मद्याच्या घोटांबरोबर थोडेथोडे अन्न घेत असे, बरा झाल्यावर त्याने अन्नाशिवाय मद्य विकू नये, अशी आज्ञा काढली. दुसरी आख्यायिका तेरावा आल्फोन्सो (कार. १८८६–१९३१) याच्याविषयी आहे. कादिझनजीकच्या एका खानावळीत वाऱ्याने वाळू उडत असताना वाढप्याने राजाच्या पेल्यावर हामोनचा काप ठेवला आणि राजाने तसाच दुसरा पेला मागवला, असे सांगतात. या कथांना विश्वसनीय समकालीन पुरावा नाही. एका लोकरूढीला राजाश्रयाचे मूळ जोडण्याची प्रवृत्ती मात्र त्यांतून स्पष्ट दिसते.

मद्याबरोबर तहान वाढविणारे खारट पदार्थ खाण्याची चाल निःसंशय जुनी आहे. सेर्व्हांतेसच्या दोन किहोते या कादंबरीच्या दुसऱ्या भागात (१६१५) सँको पान्सा व त्याचा जुना शेजारी रिकोते यांच्या भेटीचा प्रसंग आहे. रिकोते हा स्पेनमधून हद्दपार झालेला मोरिस्को, म्हणजे मुस्लिम वंशाचा ख्रिस्ती असून तो यात्रेकरूंच्या वेशात लपतछपत परतलेला असतो. ही मंडळी गवतावरच पाव, मीठ, अक्रोड, चीज, हामोनची हाडे आणि ऑलिव्ह मांडतात व मद्याच्या बुधल्यांसह वाटून खातात. मोरिस्कोंच्या हद्दपारीचा (१६०९–१४) संदर्भ लक्षात घेता, कायद्याने तोडलेले शेजारी या खाण्यापुरते पुन्हा एकत्र आलेले दिसतात.

‘तापा’ हा शब्द या अर्थाने मात्र बराच अलीकडचा आहे. स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशात तो १९३९ मध्ये वितरित झालेल्या आवृत्तीत आंदालूसियातील प्रादेशिक शब्द म्हणून नोंदविला गेला. मद्याच्या पेल्यावर ठेवलेला हामोनचा वा सॉसेजचा काप, असा त्याचा अर्थ तेथे दिला आहे. आंदालूसियातील उष्ण हवा, माश्या व धूळ आणि हेरेथ परिसरातील शेरी हे सु. १५ टक्के वा त्याहून अधिक अल्कोहॉल असलेले मद्य यांचा विचार करता, पेला झाकणारा आणि पोटाला आधार देणारा घास तेथेच रूढ व्हावा, हे स्वाभाविक वाटते.

पदार्थांची घडण : तापासच्या ताटल्यांत स्पेनच्या इतिहासाचे थर आढळतात. ऑलिव्हची लागवड आणि खारवलेल्या माशांचा व्यापार फिनिशियन व रोमन काळात भरभराटीस आला. ७११ नंतरच्या मुस्लिम राजवटीची खूण भाषेतही टिकली आहे. ऑलिव्ह फळाचे ‘आसेतुना’, मांसगोळ्यांचे ‘आल्बोंदिगा’ आणि शिरक्यात मुरवलेल्या माशांचे ‘एस्काबेचे’ ही नावे अरबी शब्दांपासून आली आहेत. १४९२ नंतर अमेरिकेतून बटाटा, टोमॅटो व मिरची आली. त्यांच्याविना तोर्तिया किंवा तिखट रश्शातील तळलेले बटाटे (पातातास ब्राव्हास) संभवले नसते. याच आयबेरियन दर्यावर्दींच्या मार्गाने ही पिके गोव्यातही पोहोचली आणि मराठीतील ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. हामोनचा इतिहास याहून कठोर आहे. १४९२ मध्ये ज्यूंची हकालपट्टी झाल्यावर आणि मुस्लिमांवर धर्मांतराची सक्ती झाल्यावर डुकराचे मांस खाणे हा ख्रिस्ती निष्ठेचा उघड पुरावा मानला जाऊ लागला. ते टाळणाऱ्याकडे धर्मन्यायपीठ (इन्क्विझिशन) संशयाने पाही. आज मैत्रीचे प्रतीक असलेली ही ताटली एके काळी माणसे पारखण्याचे साधनही होती.

सामाजिक स्वरूप : मद्यगृह हे स्पेनमध्ये दीर्घकाळ घराबाहेरचे बैठकीचे ठिकाण राहिले आहे. सेव्हिल येथील ‘एल रिंकोन्सियो’ हे मद्यगृह १६७० पासूनचे मानले जाते. तेथे गिऱ्हाइकाचा हिशेब लाकडी काउंटरवर खडूने लिहिण्याची पद्धत आहे. माद्रिदमधील ‘कासा लाब्रा’ (स्थापना १८६०) हे तळलेल्या कॉड माशासाठी प्रसिद्ध असून, २ मे १८७९ रोजी स्पॅनिश समाजवादी कामगार पक्षाची स्थापना गुप्तपणे तेथेच झाली. संस्थापकांत मुद्रणकामगारांचे प्राबल्य होते. सभागृह परवडत नसलेल्या आणि उघड सभा घेण्याची मुभा नसलेल्या लोकांना खाण्यापिण्याचे टेबल हेच सभास्थान ठरले.

वाटून खाण्याचे काही अलिखित संकेत आहेत. उत्तरेकडील मित्रांच्या टोळ्या (‘क्वाद्रिया’) प्रारंभीच सारखी वर्गणी काढून एक सामाईक थैली करतात व तीतून सर्वांचे पैसे चुकते करतात. अन्यत्र प्रत्येकजण पाळीपाळीने एकेका फेरीचा खर्च उचलतो. त्यामुळे कोणी किती खाल्ले याचा हिशेब राहत नाही. मात्र या समानतेला मर्यादा होत्या. जुने मद्यगृह प्रामुख्याने पुरुषांचे होते. बास्क प्रदेशातील, एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या अनेक पाकमंडळांत स्त्रियांना परंपरेने प्रवेश नसे. विवाहित स्त्रीला अनेक कायदेशीर व्यवहारांसाठी लागणारी पतीची संमती १९७५ मध्ये रद्द झाली आणि लोकशाहीच्या पुनःस्थापनेबरोबर तापेओ ही स्त्रीपुरुषांची समान रीत बनत गेली.

यादवी युद्धानंतर (१९३६–३९) आलेल्या उपासमारीच्या काळात शिधापत्रिका १९५२ पर्यंत चालू होत्या. १९४० मध्ये स्पेनचे घड्याळ मध्य यूरोपीय वेळेप्रमाणे एक तास पुढे करण्यात आले आणि ते तसेच राहिले. दुपारचे जेवण दोन-तीन वाजता व रात्रीचे नऊ-दहा वाजता घेणाऱ्या या देशात मधल्या वेळेची भूक भागविण्याचे काम तापास करतात.

प्रादेशिक भेद : ग्रानाडा, आल्मेरिया, हाएन व लेओन येथे पेय मागवले की तापा विनामूल्य मिळतो. सेव्हिलमध्ये त्याची किंमत वेगळी द्यावी लागते आणि भूक व सोबतीची संख्या पाहून तापा, अर्धी ‘रासियोन’ किंवा पूर्ण ‘रासियोन’ मागवतात. बास्क प्रदेशात पावाच्या तुकड्यावर काडीने टोचलेला ‘पिंचो’ असतो. काही ठिकाणी रिकाम्या काड्या मोजून पैसे घेतले जातात. ऑलिव्ह, अँकोव्ही मासा व लोणच्याची मिरची काडीत ओवलेला सान सेबास्त्यान येथील पिंचो, गिल्डा (१९४६) या अमेरिकन चित्रपटावरून ‘हिल्दा’ म्हणून ओळखला जातो.

प्रसार व बदल : १९६० मध्ये स्पेनला भेट देणाऱ्या परदेशी प्रवाशांची संख्या सु. ६० लाख होती. १९७३ पर्यंत ती तीन कोटींहून अधिक झाली. प्रवाशांबरोबर तापासची कीर्ती देशाबाहेर गेली. वॉशिंग्टन येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘हालेओ’ या उपाहारगृहामुळे व त्याचा आचारी होसे आंद्रेस याच्यामुळे अमेरिकेत, तर अशाच अनेक उपाहारगृहांमुळे लंडन व अन्य शहरांत ही पद्धत रुजली. स्थलांतरात तिचे रूप पालटले. परदेशी तापास उपाहारगृहात मित्र एका टेबलाभोवती बसून सहा-आठ ताटल्या मागवतात व तेच पूर्ण जेवण होते. उभे राहणे, गल्लीतून पुढच्या मद्यगृहाकडे जाणे आणि वाटेत ओळखीचे लोक भेटणे हा भाग त्यात गळून पडतो. वाटून खाणे मात्र टिकते.

स्पेनमध्येही जुन्या वस्त्यांतील घरांची व गाळ्यांची भाडी पर्यटनामुळे वाढली असून शेजारपाजारच्या गिऱ्हाइकांवर चालणारी लहान मद्यगृहे अडचणीत आली आहेत. मार्च २०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या साथीमुळे आणीबाणी घोषित होऊन देशभरातील मद्यगृहे बंद झाली. पुन्हा उघडल्यावरही काही काळ काउंटरवर उभे राहून खाण्यावर व सामाईक ताटल्यांवर निर्बंध होते. गर्दीत खांद्याला खांदा लावून एकाच ताटलीतून खाणे हाच प्रथेचा गाभा असल्याने, या काळात पदार्थ उपलब्ध असूनही तापेओ जवळजवळ थांबला. निर्बंध उठल्यावर तो पूर्ववत सुरू झाला.