देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण

(८ नोव्हेंबर १९१९ – १२ जून २०००). मराठी नट, नाटककार, विनोदी लेखक, संगीतकार व नभोवाणी-निर्माते. ‘पु. ल.’ ह्या आद्याक्षरांनी सर्वपरिचित. जन्म मुंबईस. बालपण जोगेश्वरी व पार्ले ह्या उपनगरांत गेले. मातामह वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ ह्या नावाने लेखन करीत. शिक्षण पार्ले टिळक विद्यालय, मुंबईचे इस्माईल युसुफ, पुण्याचे फर्ग्युसन आणि सांगलीचे विलिंग्डन ह्या महाविद्यालयांत एम्. ए. पर्यंत. १९४६ साली सुनीता ठाकूर ह्यांच्याशी विवाह. काही काळ शाळेत शिक्षक, पुढे बेळगाव व मुंबई येथे मराठीचे प्राध्यापक.

देशपांडे ह्यांचा विचार बहुधा विनोदकार म्हणून केला जातो. नाटककार म्हणून त्यांची जडणघडण मात्र लेखनाच्या मेजापेक्षा रंगमंचावर, चित्रपटाच्या कॅमेऱ्यापुढे आणि ध्वनिक्षेपकासमोर अधिक झाली. चिंतामणराव कोल्हटकरांच्या ‘ललितकलाकुंज’ आणि मो. ग. रांगणेकरांच्या ‘नाट्यनिकेतन’ ह्या संस्थांतून त्यांनी भूमिका केल्या. पहिल्या संस्थेत जुन्या गद्य-संगीत रंगभूमीचा पल्लेदार आवाज होता, तर दुसरीत घरगुती, आटोपशीर बोलणे. ह्या दोन्ही वळणांचा संस्कार एकाच नटावर झाल्यामुळे पुढे त्यांच्या संवादांत भारदस्तपणा आणि त्याची थट्टा ही एकाच वाक्यात नांदू शकली.

चित्रपटसृष्टीत ते रांगणेकरांच्याच कुबेर (१९४७) ह्या चित्रपटातून आले. वंदे मातरम् (१९४८) मध्ये ते व सुनीताबाई एकत्र आले. पुढचं पाऊल (१९५०) मधील त्यांची भूमिकाही उल्लेखनीय आहे. ह्या क्षेत्रात त्यांनी कथा, पटकथा, संवाद, संगीत, अभिनय अशी मिळेल ती बाजू सांभाळली. गुळाचा गणपती (१९५३) ह्या चित्रपटात तर ह्या बहुतेक बाजू आणि दिग्दर्शनही त्यांच्याकडेच होते. भोळ्या नायकाचे हे चित्र आजही पाहवते. तथापि त्यानंतर त्यांनी चित्रपटाकडे जवळजवळ पाठच फिरविली. समोर प्रेक्षक नसताना केलेला अभिनय ह्या जातीच्या नटाला फार काळ पुरला नसता, असे म्हणावेसे वाटते.

नाट्यलेखनाचा आरंभ मात्र सुखाचा नव्हता. तुका म्हणे आता (१९४८) हे पहिले नाटक रंगभूमीवर टिकले नाही. त्यानंतरचे अंमलदार (१९५२) हे गोगोलच्या नाटकावरून, तर भाग्यवान (१९५३) हे सॉमरसेट मॉमच्या नाटकावरून घेतलेले. पुढारी पाहिजे ह्या लोकनाट्यात त्यांनी तमाशाची बतावणी राजकीय उपहासासाठी वापरली. सेवादलाच्या कलापथकाने ते गावोगाव नेले. तमाशाचा सोंगाड्या प्रेक्षकांशी जी थेट सलगी साधतो, ती पुढे त्यांच्या एकपात्री प्रयोगांत वेगळ्या वेषात दिसते.

१९५५ साली ते आकाशवाणीच्या पुणे केंद्रात दाखल झाले. नभोवाणीवर नटाला चेहरा नसतो. पात्राचे वय, गाव, धंदा, खोटेपणा हे सारे उच्चारातून आणि वाक्याच्या तालातून उभे करावे लागते. संगीताचा कान मुळातच असल्यामुळे ह्या शिस्तीचा देशपांडे ह्यांना विशेष लाभ झाला. तुझे आहे तुजपाशी (१९५७) हे त्यांचे सर्वांत यशस्वी स्वतंत्र नाटक ह्याच काळातील आहे, ही गोष्ट केवळ योगायोगाची नव्हे. इंदूरच्या हवेलीतील काकाजींची हिंदीमिश्रित, सैल, माळव्याच्या हवेने भिजलेली मराठी आणि आचार्यांची संस्कृतप्रचुर, प्रवचनी मराठी ह्या दोन भाषांचाच तेथे सामना होतो. डोळे मिटून ऐकले, तरी नाटकातील संघर्ष निसटत नाही. आचार्यांवर लेखकाने अन्याय केला, हा आक्षेप पूर्वीपासूनचा आहे व तो सर्वस्वी निराधार नाही. अखेरीस त्यांच्या तोंडी येणारी रितेपणाची कबुली हृदयस्पर्शी असली, तरी तोवर हशांनी निकाल देऊन टाकलेला असतो.

सुंदर मी होणार (१९५८) ह्या नाटकाला रूडॉल्फ बेझिएच्या द बॅरेट्स ऑफ विंपोल स्ट्रीट ह्या नाटकाचा आधार आहे. लंडनमधील करड्या पित्याच्या जागी त्यांनी नंदनवाडीचा संस्थानिक आणला. राज्य गेले, पण घरातील सत्ता सोडवत नाही, अशा ह्या पित्यामुळे परकी कथा विलीनीकरणानंतरच्या महाराष्ट्रात सहज रुजली. ती फुलराणी (१९७५) मध्ये हीच किमया अधिक कठीण ठिकाणी साधली आहे. शॉच्या पिग्मॅलियन मधील इंग्रजी उच्चारभेदाला मराठीत सरळ पर्याय नाही. देशपांडे ह्यांनी बोलीभेदाचा आश्रय घेतला. भक्ती बर्वे ह्यांनी मंजुळेची भूमिका गाजविली. तीन पैशाचा तमाशा (१९७८) हे ब्रेख्तचे रूपांतर पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने जब्बार पटेल ह्यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले.

दरम्यान त्यांनी बी. बी. सी. मध्ये प्रशिक्षण घेतले व दिल्लीत नव्याने सुरू झालेल्या दूरचित्रवाणीसाठी काम केले. नंतर नोकरी सोडून ते रंगमंचावर परतले, ते नाटक घेऊन नव्हे. बटाट्याची चाळ ह्या पुस्तकाचा एकपात्री प्रयोग १९६१ मध्ये सुरू झाला. वाऱ्यावरची वरात आणि असा मी असामी हे प्रयोग त्यामागून आले. एका नटाने अनेक माणसे उभी करायची, हा खेळ कीर्तनकाराला नवा नाही. चाळकऱ्यांचे जग मात्र नवे होते. ह्या प्रयोगांना लोटलेल्या गर्दीची किंमत मराठी नाटकाने मोजली. ऐन उमेदीची वर्षे ह्या प्रयोगांत गेली आणि तुझे आहे तुजपाशीच्या तोडीचे दुसरे स्वतंत्र नाटक त्यांच्या हातून झाले नाही. ज्या नटाने नाटककाराला कान दिला, त्यानेच त्याचा वेळही घेतला.

व्यक्ति आणि वल्ली ह्या पुस्तकासाठी १९६५ चे साहित्य अकादेमी पारितोषिक, पद्मश्री (१९६६), संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (१९६७), पद्मभूषण (१९९०) हे त्यांना लाभलेले काही सन्मान. १९७४ च्या इचलकरंजी येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पुणे येथे त्यांचे निधन झाले.