राजपुरीच्या खाडीचा व्यापार

भारत, चीन, ब्राझील ही उदयोन्मुख राष्ट्रे जागतिक व्यापारात आपला वाटा वाढवीत आहेत, असे अर्थशास्त्री अलीकडे काहीशा नवलाने सांगत असतात. परंतु मुरुडच्या किनाऱ्याचा इतिहास ज्याने थोडाबहुत चाळला आहे, त्याला या वाढीत उदयापेक्षा पुनरागमनाचाच अंश अधिक दिसतो. सतराव्या शतकात सुरतेहून निघालेले सुती कापड आणि नीळ तांबड्या समुद्रातील मोखा व जेद्दा या बंदरांत उतरत असे. त्याच्या मोबदल्यात जी चांदी येई, ती बरीचशी स्पेनच्या ताब्यातील अमेरिकेच्या खाणींतून निघून युरोप आणि तुर्की मुलूख फिरत तेथवर पोचलेली असे. जगाची चांदी अशी हिंदुस्थानच्या दिशेने वाहत असताना, ती आणणाऱ्या जहाजांची राखण करण्याचा मक्ता मुरुडजवळच्या राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका लहानशा बेटावरील सिद्दी म्हणविणाऱ्या हबशी सरदारांकडे आला, ही मोठी विलक्षण घटना होय.

१६७० च्या सुमारास सिद्दीने विजापूरची चाकरी सोडून औरंगजेबाची पत्करली, आणि बादशाही आरमाराच्या सरदारकीबरोबर सुरतेच्या महसुलातून त्याला तनखा मिळू लागला. दोनच दशकांत, १६८९ मध्ये, सिद्दी याकूतने मुंबई बेटावर उतरून माझगाव घेतले व इंग्रजांना किल्ल्यात कोंडले. बादशहाशी भांडण उकरून काढणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीला शेवटी क्षमायाचना करून दीड लाख रुपये दंड भरावा लागला. ज्या कंपनीने पुढे अवघा देश गिळला, तिची ही अवस्था आमच्या पाठ्यपुस्तकांतून सहसा वाचावयास मिळत नाही.

हे सामर्थ्य कशात होते, ते त्या बेटावरील जंजिरा किल्ल्यात गेल्यावर कळते. शिडाची होडी तटाच्या अगदी निकट येईपर्यंत दरवाजा कोठे आहे याचा मागमूस लागत नाही. आत शिरताच भिंतीवर पंजांत हत्ती पकडलेला एक हिंस्र पशू कोरलेला दिसतो, आणि चहूकडे खारे पाणी असताना मध्यभागी गोड्या पाण्याचे प्रशस्त तलाव आहेत. वेढा घालणाऱ्याचे निम्मे बळ या तलावांनीच हरण केले असेल. शिवाजीमहाराजांनी समोरच्या कांसा खडकावर पद्मदुर्ग उभारला, त्यांच्या बाजूच्या लाय पाटलाने १६७६ मध्ये तटाला शिड्या लावण्याचे साहस केले, तरी बेट हाती आले नाही.

तथापि या वैभवाचे एक वैगुण्य होते. सिद्दीचे आरमार परक्याच्या मालावर पोसलेले होते. खाडीच्या काठच्या सुपारी, नारळ आणि मिठावर एवढ्या गलबतांचा खर्च भागणे शक्य नव्हते. म्हणून १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला इंग्रजांनी घेतला, तेव्हा सिद्दीच्या दर्यावरील दबदब्याचा मूळ झराच आटला. पुढे आगबोटी आल्या, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, मुंबई कापसाची पेठ झाली, आणि मुरुड सिद्दीच्या संस्थानाची राजधानी म्हणून शांतपणे १९४८ च्या विलीनीकरणाची वाट पाहत राहिले. सिद्दी नवाबाचा वाडा टेकडीवरून समुद्राकडे पाहतो, पण त्या समुद्रावर त्याचे स्वामित्व असे फारसे उरले नव्हते.

त्या काळात या किनाऱ्याने जगाला पुरविली ती मुख्यतः माणसे. कोकणी मुसलमान खलाशी म्हणून मुंबईच्या बोटींवर चढले, काही कुटुंबे दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाली, आणि १९७० नंतर तेलाचा पैसा वाहू लागताच घरटी एखादा तरुण आखातात जाऊ लागला. सुपारीच्या वाड्यांतून उभे राहिलेले कितीतरी पक्के बंगले त्या मनीऑर्डरींची साक्ष देतात. व्यापाराच्या आकडेवारीत अशा निर्यातीला फारसे स्थान नसते, ही मला अर्थशास्त्राची मोठी उणीव वाटते.

आज त्याच खाडीच्या दोन्ही तीरांना, आगरदांडा आणि दिघी येथे, धक्के आहेत. दिघीचे बंदर कर्जात बुडून दिवाळखोरीच्या कारवाईत गेले आणि २०२१ मध्ये अदानी समूहाने ७०५ कोटी रुपयांस घेतले. २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक नगरांत दिघीचेही नाव आहे. खोल पाण्याची खाडी, जवळ मुंबई, पाठीशी दिल्लीपर्यंतचा औद्योगिक मार्ग, असे सर्व योग जुळून आलेले दिसतात. सिद्दीजवळ जे नव्हते, ते मात्र अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे: या धक्क्यांवरून जाणारा माल कारखान्यांच्या रूपाने रायगडातच घडणार, की येथील लोकांनी केवळ पलीकडून येणाऱ्या मालाची हमाली आणि राखण करावयाची, याचा निर्णय त्या नगराच्या जमिनींवर कोणत्या उद्योगांना आणि कोणाच्या हातांना काम मिळते, यावर अवलंबून राहील.