पूर्वीचा आजार आणि आकाशाचा परवाना

१) राजगड आणि तोरणा हे वेल्ह्याचे दोन्ही गड भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले. पुढच्याच वर्षी, ६ ऑक्टोबर १९४९ रोजी, सिंहगडापलीकडे खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसवण्यात आली.

२) प्रबोधिनीच्या एका खडतर शिबिराचे नावच ‘कॅम्प तोरणा’ आहे. डोंगर तुडवणे ही शरीराची एक परीक्षा झाली. वैमानिकाला मात्र वैद्यकीय पात्रतेची परीक्षा उड्डाण सुटेपर्यंत पुनःपुन्हा द्यावी लागते. तिच्यातला सर्वांत अवघड प्रश्न एकच: पूर्वी काय झाले होते?

३) हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली पॅरिस येथे हवाई वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. वैमानिकाचा स्वतःचा आणि कुटुंबाचाही आरोग्याचा पूर्वेतिहास निर्दोष असावा, अशी अपेक्षा त्याच्या परिशिष्टात होती. भूतकाळातला दोष म्हणजे भविष्यातला धोका, असे हे सरळ गणित होते.

४) दुसऱ्या महायुद्धानंतर हे गणित सैल झाले. शिकागो कराराच्या आधारे १९४८ पासून परवान्यांचे जे आंतरराष्ट्रीय नियम आकाराला आले, त्यांत लवचिकतेची तरतूद आहे. एखादा निकष पूर्ण होत नसला, तरी उड्डाणाच्या सुरक्षिततेला बाधा येणार नाही असा तज्ज्ञांचा निष्कर्ष असेल, तर अटींसह प्रमाणपत्र देता येते.

५) भारतात विमान नियम १९३७ साली आले. आज शिकाऊ वैमानिकाला द्वितीय श्रेणीचे, तर व्यावसायिक वैमानिकाला प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. वायुसेनेने १९५७ साली बंगळूरला या शास्त्राची स्वतंत्र संस्था उभारली. नागरी वैमानिकांच्या तपासणीतही वायुसेनेच्या डॉक्टरांचा वाटा मोठा राहिला.

६) या नियमांचा माणसाच्या आयुष्यातला अर्थ विंग कमांडर दीपक वसंत साठे यांच्या चरित्रात दिसतो. ते मूळ नागपूरच्या कुटुंबातले आणि याच प्रबोधिनीच्या ५८ व्या तुकडीचे. १९८१ साली ते वायुसेनेत अधिकारी झाले.

७) कुटुंबीयांनी सांगितल्यानुसार, नव्वदच्या दशकाच्या आरंभी एका विमान अपघातात त्यांच्या कवटीला अनेक दुखापती झाल्या. सहा महिने ते रुग्णालयात होते. ते पुन्हा उडतील असे कोणालाही वाटत नव्हते. तरीही ते वैद्यकीय चाचणी उत्तीर्ण झाले आणि विमानात परतले.

८) डोक्याच्या दुखापतीकडे डॉक्टर इतक्या कठोरपणे का पाहतात? जखम भरल्यानंतरही कधीतरी झटका येण्याची शक्यता उरते. काळ लोटतो तशी ती कमी होते. म्हणून आधी प्रतीक्षा, मग मेंदू, तोल आणि दृष्टी यांची तपासणी, आणि त्यानंतर निर्णय. ‘तात्पुरते अपात्र’ या शेऱ्याचा अर्थ पुष्कळदा ‘अजून थांबा’ एवढाच असतो.

९) २००३ साली निवृत्त झाल्यावर साठे प्रवासी विमाने चालवू लागले. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून १९० जणांना घेऊन आलेले त्यांचे विमान मुसळधार पावसात कोळिकोडच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. साठे आणि त्यांच्या सहवैमानिकासह २१ जणांचा मृत्यू झाला.

१०) २०२१ च्या चौकशी अहवालाने कार्यपद्धतीचे पालन न होणे हे संभाव्य कारण ठरवले आणि विमान कंपनीतील व्यवस्थेच्या उणिवाही नोंदवल्या. त्यात आणखी एक नोंद आहे. मुख्य वैमानिक वैद्यकीय सल्ल्याविना मधुमेहाची अनेक औषधे घेत होते. त्यांमुळे रक्तातील साखर किंचित उतरून निर्णयक्षमतेवर सूक्ष्म परिणाम झाला असावा.

११) या दोन नोंदी एकत्र वाचायला हव्यात. कवटीची दुखापत गंभीर होती. पण ती डॉक्टरांसमोर होती, तपासली गेली, आणि त्यानंतर अनेक वर्षे उड्डाण झाले. मधुमेह हा घरोघरी आढळणारा आजार. तेथे प्रश्न उपस्थित झाला तो नोंदीबाहेरच्या औषधांमुळे.

१२) परवाना जाईल ही भीती मात्र खोटी नाही. वैमानिकाची उपजीविका एका कागदावर अवलंबून असते, आणि प्रामाणिकपणाची किंमत जिथे जास्त, तिथे मौन वाढते. व्यवस्थेने कठोर असावेच. पण सांगणाऱ्याला दार उघडे आहे, हेही तिने दाखवावे.

१३) प्रबोधिनीची छोटी सुपर डिमोना विमाने आजही खडकवासल्याच्या आकाशात घिरट्या घालतात. ती पाहून भोर-वेल्ह्यातल्या एखाद्या मुलीला वैमानिक व्हावेसे वाटले आणि लहानपणी तिला मोठे आजारपण येऊन गेले असेल, तर तिने जुन्या फाइली जपून ठेवाव्यात आणि अर्जात सारे लिहावे. निर्णय काहीही लागो, तो खऱ्या माहितीवर लागेल.