करकरे, हेमंत कमलाकर

(१२ डिसेंबर १९५४ – २६ नोव्हेंबर २००८). महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाचे (एटीएस) प्रमुख व मालेगाव स्फोटाचे तपास अधिकारी. प्राथमिक शिक्षण वर्धा येथे. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी (१९७५). भारतीय पोलीस सेवेच्या १९८२ च्या तुकडीत प्रवेश. चंद्रपूरला पोलीस अधीक्षक. पुढे ‘रॉ’ या गुप्तचर संस्थेतर्फे ऑस्ट्रियात नेमणूक. जानेवारी २००८ मध्ये एटीएसचे प्रमुखपद.

२९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावच्या भिक्कू चौकात (पहा : मालेगाव) स्फोट होऊन सहा जण ठार झाले. ज्या एलएमएल फ्रीडम मोटारसायकलमध्ये स्फोटके ठेवल्याचा आरोप होता, तिचा चासी क्रमांक खरवडलेला होता. इंजिन क्रमांकाच्या मागावरून तपास मोटारसायकलच्या कथित मालक साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांच्यापर्यंत पोहोचला. नंतर लष्करी अधिकारी प्रसाद पुरोहित यांनाही अटक झाली. तपास अपुरा असतानाच मुंबईवरील हल्ल्यात (पहा : मुंबई हल्ला, २००८) कामा रुग्णालयाजवळ पोलीस अधिकारी अशोक कामटे व विजय साळसकर यांच्यासह करकरे मारले गेले. मरणोत्तर अशोकचक्र (२००९).

मालेगाव स्फोटाचा खटला २०११ मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेकडे (एनआयए) गेला. विशेष न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपींना निर्दोष मुक्त केले. मोटारसायकलच्या मालकीचा पुरावाही ग्राह्य ठरला नाही.